बोलणं आपलं, वाडा कुणाचा?

कालव्याला आवर्तन सुटलं की आमच्या चारीच्या व्हॉट्सॲप गटात पहाटे साडेचारपासून फोन कुरकुरायला लागतो. 'दार उचललं का?' 'पाटकरी वर गेलाय का?' 'माझी पाळी सहाला, वरच्यानं अजून सोडलं नाही.' मध्येच कुणाचा तरी आवाजी निरोप येतो, त्यात शब्द कमी आणि वारं जास्त. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी आणि वीर या चार धरणांचं पाणी नीरा डाव्या कालव्यानं बारामतीतून इंदापुरात उतरतं, आणि टेलच्या शेतकऱ्याला ते पोचेपर्यंत शंभर माणसांनी एकमेकांशी बोललेलं असतं. पूर्वी हे बोलणं बांधावर व्हायचं, भांडणही बांधावरच व्हायचं. आता दोन्ही फोनमध्ये होतं.

मागच्या वर्षी या गटाचे ॲडमिन, आमच्यातले एक वडीलधारे, वारले. तेरावं झाल्यावर कुणीतरी सुचवलं की पाळी आता त्यांच्या मुलाच्या नावावर जाणार, त्याला गटात घ्या. घेणार कोण? नवा सभासद ॲडमिननंच घ्यायचा अशी सोय आम्हीच करून ठेवली होती, आणि ॲडमिन एकच होता. सिम मुलानं बंद केलं होतं. फोन पुसून नातवाच्या हातात गेला होता. चार वर्षांची पाळीपत्रकं, चारी फुटली तेव्हाचे फोटो, दुरुस्तीला कुणी किती वर्गणी दिली त्याचा हिशेब, सगळं त्या गटात होतं आणि गट कुणाच्याच ताब्यात नव्हता. दोष आमचाच. दुसरा ॲडमिन नेमावा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग नवा गट काढला. जुना अजून माझ्या फोनमध्ये आहे, बेवारस वाड्यासारखा.

त्या दिवसापासून एक प्रश्न मला सोडत नाही. ऊस कुठं घालायचा, दूध कुठं घालायचं, पाणी कसं वाटायचं यासाठी या दोन तालुक्यांनी स्वतःच्या संस्था उभ्या केल्या, निवडणुका लढवल्या, कोर्टकचेऱ्या केल्या. रोजचं बोलणं ठेवायला मात्र एक खोलीसुद्धा स्वतःची बांधली नाही. बांधावी का? बांधता येते; तशी साधनं फुकट मिळतात आणि काही तर पस्तीस वर्षांहून जुनी आहेत. पण बांधता येते म्हणून बांधावी असं थोडंच आहे.

इंदापूर तालुक्यात या प्रश्नाची दोन उत्तरं शेजारी शेजारी उभी आहेत. एक वालचंदनगर. वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर, नीरेच्या काठी वसवलेलं कंपनीचं गाव. घरं कंपनीची, रस्ते कंपनीचे, शाळा आणि दवाखाना कंपनीच्या आधारानं. तिथं वाढलेल्या लोकांशी बोला, ते त्या गावाबद्दल हळवे होतात, आणि त्यात खोटं काही नाही: नळाला पाणी यायचं, दिवे लागायचे, झाडं होती. इथल्या कारखान्यानं पुढं इस्रोच्या रॉकेटसाठी भाग बनवले. फक्त गावाचं भलंबुरं कंपनीच्या भल्याबुऱ्याशी बांधलेलं राहिलं. दुसरं उत्तर तिथून थोड्या अंतरावर, भवानीनगरला. श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना शेतकऱ्यांच्या शेअरवर उभा राहिला. तिथं सभासदाला मत आहे, वार्षिक सभेत उठून विचारायची मुभा आहे. आणि गट आहेत, तट आहेत, ऊसबिलाची वाट बघणं आहे. कुठलं बरं, या प्रश्नावर इंदापुरात आजही रात्र जागवता येईल. व्हॉट्सॲप हे आपलं वालचंदनगर आहे. भवानीनगर बांधायचं का, एवढाच मुद्दा.

माझी नेटवरच्या गप्पांच्या दुनियेशी ओळख 2001 साली झाली, बारामतीत एसटी स्टँडच्या मागं एका गल्लीतल्या सायबर कॅफेत. तासाला तीस रुपये. पडद्यावर एमआयआरसी नावाचा प्रोग्राम उघडायचा, सर्व्हर निवडायचा, टोपणनाव द्यायचं, मग चॅनलचं नाव लिहून आत शिरायचं. आत गेलं की डाव्या बाजूला ओळीमागून ओळी पळायच्या आणि उजवीकडे हजर असलेल्यांची नावं. मी पुण्याच्या नावाच्या एका चॅनलमध्ये शिरलो आणि पहिल्या मिनिटाला विचारणा झाली: वय, लिंग, गाव. मी प्रामाणिकपणे गाव सांगितलं. पुढची पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही. मराठी लिहायची तर रोमन अक्षरांत. एमआयआरसीला युनिकोड पुरतं पचायला 2010 उजाडलं. तरी त्या तीस रुपयांत एक गोष्ट कळली. प्रोग्राम वेगळा आणि जाळं वेगळं. शेजारच्या मशीनवरचा मुलगा दुसराच प्रोग्राम वापरून त्याच चॅनलमध्ये बसला होता.

आयआरसी नावाचं हे जाळं फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन या तरुणानं ऑगस्ट 1988 मध्ये सुरू केलं. आपल्याकडे विदेश संचार निगमनं सामान्य माणसाला इंटरनेट दिलं ते 15 ऑगस्ट 1995 ला. म्हणजे आपण जत्रेत पोचलो तेव्हा आयआरसीचा पाळणा सात वर्षं फिरत होता. त्यानंतर आलेली चकचकीत दुकानं एकेक करून बंद पडली. याहू मेसेंजर जुलै 2018 मध्ये गेला, आयसीक्यू जून 2024 मध्ये. एमएसएन मेसेंजर त्याआधीच. ऑर्कुटवर ज्यांची लग्नं जुळली त्यांची मुलं आता कॉलेजात आहेत आणि ऑर्कुट 2014 मध्येच मिटलं. आयआरसी मात्र आजही चालू आहे. तो काही फार देखणा आहे म्हणून टिकला असं नाही. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. कसं बोलायचं याचे नियम 1993 मध्ये छापून मोकळे झाले. ते पाळून कुणीही सर्व्हर चालवावा, कुणीही प्रोग्राम लिहावा.

फोनचंच उदाहरण घ्या. तुमचं सिम एका कंपनीचं, पाहुण्यांचं दुसऱ्या कंपनीचं, हँडसेट तिसऱ्याचा, आणि तरी फोन लागतो. जुन्या आयआरसीत, त्यानंतर 1999 मध्ये आलेल्या जॅबरमध्ये (पुढं त्याचं नाव एक्सएमपीपी झालं) आणि 2014 पासूनच्या मॅट्रिक्समध्ये सर्व्हर आणि ॲप असे वेगवेगळ्यांचे असू शकतात. शेवटच्या दोघांत एक पाऊल पुढं आहे: बारामतीच्या सर्व्हरवरचा माणूस इंदापूरच्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलू शकतो, दोघांचे मालक वेगळे असले तरी. गावची सोसायटी वेगळी, जिल्ह्याचा संघ वेगळा, पण व्यवहार एकमेकांत चालतो, तसं. सहकार शिकवायला ज्यांना पुस्तक लागत नाही त्यांना हे समजवायला वेळ लागू नये. व्हॉट्सॲपमध्ये मात्र हँडसेट कुठलाही असो, ॲप त्यांचंच, सर्व्हर त्यांचेच, नियम त्यांचेच.

मालकी बदलली की काय होतं याचा धडा मे 2021 मध्ये मिळाला. फ्रीनोड हे मोकळ्या सॉफ्टवेअरवाल्यांचं आयआरसीवरचं मोठं जाळं. त्याचा ताबा कुणाचा यावरून वाद पेटला. जाळं सांभाळणारे स्वयंसेवक एकत्र बाहेर पडले, त्यांनी लिबेरा चॅट नावाचं नवं जाळं उभं केलं आणि काही आठवड्यांत शेकडो चॅनल बिऱ्हाड उचलून तिकडं गेले. लोकांना ॲप बदलावं लागलं नाही. सर्व्हरचं नाव तेवढं बदललं. आमच्या चारीच्या गटाला हे जमलं नसतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी व्हॉट्सॲप सोडा म्हणणार. थांबा. उसाच्याच पट्ट्यातली, पण कोल्हापूरकडची एक गोष्ट आधी सांगायला हवी.

वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात 1998 मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. पन्नासच्या वर गावांत संगणकाची केंद्रं, प्रत्येक ठिकाणी एक चालक. शेतकऱ्यानं यायचं आणि आपल्या उसाचं वजन, खताची उचल, तोडीची परवानगी बघायची. त्या काळात देशभरातून लोक वारणेला बघायला यायचे; खेड्यात माहिती तंत्रज्ञान म्हटलं की वारणेचं नाव निघायचं. पुढं बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी बघितलं की संगणकांचा उपयोग ठराविक चार कामांपलीकडं होत नाही, दुरुस्ती आणि विजेचा खर्च मात्र चालूच आहे. त्यांनी सात गावांत, 400 शेतकऱ्यांबरोबर, आठ महिने एक प्रयोग केला: संगणक काढून साधा मोबाइल आणि एसएमएस. 2007 च्या सुमारास त्याचे निष्कर्ष आले. संगणक करत होता ते सगळं एसएमएसनं झालं, स्वस्तात झालं आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं. का आवडलं हे विचारायचीही गरज नाही. फोन त्यांच्या खिशात होता. केंद्रावर जायला चप्पल घालावी लागत होती.

ही चप्पल फार महाग पडते. नव्या जाळ्याची शिफारस करणारा माझ्यासारखा माणूस नेहमी इथंच फसतो. नवं ॲप उतरवा, सर्व्हरचा पत्ता लिहा, पासवर्ड ठरवा, तो विसरू नका, कुलूपबंद निरोपांची किल्ली वेगळी जपून ठेवा. सत्तरीच्या शेतकऱ्याला हे सांगून बघा. तो आधी तुमच्याकडं बघेल, मग आकाशाकडं. व्हॉट्सॲपला नंबर दिला की काम झालं. लिहिता न येणाऱ्या बाईला बोलून निरोप पाठवता येतो, आणि बचत गटाच्या हप्त्याचा हिशेब असा आवाजातच फिरताना मी ऐकला आहे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यापासून डेटा परवडतो. एप्रिल 2016 पासून व्हॉट्सॲपवरचे निरोप दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतात. कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. हे कुलूप ज्या पद्धतीचं आहे ती सिग्नल या दुसऱ्या ॲपच्या लोकांनी तयार केली आणि जगभरच्या जाणकारांनी तपासली. तालुक्याच्या ठिकाणी कुणी हौशी मुलानं लावलेलं कुलूप यापेक्षा चांगलं असेल असं मानायला काही आधार नाही. कारखान्यानं किंवा कृषी विज्ञान केंद्रानं एकतर्फी सूचना द्यायच्या असतील तर 2023 पासून व्हॉट्सॲपचे चॅनलही आहेत, त्यात वाचणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत.

म्हणजे झालं? नाही, कारण दुसऱ्या पारड्यातही वजन आहे.

गटात आलं की प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. चारीच्या गटात याचं काही वाटत नाही, तिथं सगळे भाऊबंदच. पण दीडशे मुलामुलींच्या कॉलेजच्या वर्गाच्या गटात पहिल्या वर्षाच्या मुलीचा नंबर पहिल्याच दिवशी दीडशे फोनमध्ये उतरतो. त्यातून पुढं रात्री अकराला काय येतं हे त्या मुलींना विचारा. घरी सांगितलं तर शिक्षणच बंद होईल म्हणून त्या गप्प बसतात. टोपणनावानं बसता येणारी जुनी आयआरसीची खोली किंवा मॅट्रिक्सवरचं नाव इथं खरोखर उपयोगाचं आहे. देशात 2023 मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. संस्थांनी तो वाचला असेल तर वर्गाचे गट काढताना हात थोडा थबकायला हवा.

दुसरं, नोंद. ठराव, पाळीपत्रक, दर, पंचनाम्याचे फोटो या गोष्टी निरोप म्हणून येतात आणि 'शुभ सकाळ'च्या खाली गाडल्या जातात. फोन बदलला, जागा भरली, माणूस गेला, की नोंद गेली. संस्थेच्या दप्तराला कुलूप असतं, सचिव बदलला तरी दप्तर राहतं. गटाचं दप्तर ज्याच्या त्याच्या खिशात.

तिसरं, एकाच वाड्यावरचा भार. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री व्हॉट्सॲप जगभर सहाएक तास बंद पडलं. आपल्याकडं रात्रीची वेळ होती म्हणून निभावलं. आवर्तनाची पहाट असती तर आम्हाला पुन्हा बांधावर जाऊन हाका माराव्या लागल्या असत्या. आता युरोपात कायद्यानं अशा मोठ्या कंपन्यांना दुसऱ्या ॲपसाठी दार उघडायला लावलंय. आपल्याकडं तशी सक्ती नाही. आणि खुशीनं उघडलेलं दार खुशीनं बंदही होतं: गूगल टॉक सुरुवातीला एक्सएमपीपीच्या मोकळ्या जाळ्याला जोडलेलं होतं, 2013 मध्ये हँगआउट्स आलं आणि ते दार मिटत गेलं.

अफवांचा दोष मात्र मी एकट्या व्हॉट्सॲपच्या माथी मारणार नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं, तेव्हा निरोप फिरले होते व्हॉट्सॲपवर. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात निरोप एका वेळी पाचांहून जास्त चॅटमध्ये ढकलता येणार नाही अशी मर्यादा घातली. बिबट्याचा कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला व्हिडिओ आपल्या गावच्या नावानं आजही आमच्याकडं येतो. आपला स्वतःचा सर्व्हर असता तर तो आला नसता? आला असता, आणि पाचाची मर्यादाही नसती.

आता मी ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त अडखळलो तो. समजा, एखाद्या कारखान्यानं, बाजार समितीनं किंवा शिक्षण संस्थेनं आपलं स्वतःचं जाळं काढलं. सर्व्हरची किल्ली कुणाकडं? संचालक मंडळाकडं. आणि मंडळाची निवडणूक आली की? मॅट्रिक्समध्ये खासगी खोल्या 2020 पासून आपोआप कुलूपबंद असतात, त्यामुळं मजकूर वाचता येणार नाही. पण कोण कुणाशी, किती वाजता, किती वेळा बोललं आणि कुठल्या खोलीत कोण कोण आहे, हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला दिसतं. ज्या तालुक्यात विरोधी पॅनेलच्या बैठकीला कोण गेलं होतं हे सकाळी चहाच्या टपरीवर कळतं, तिथं ही यादी काय करू शकते हे मी सांगायला नको. कॅलिफोर्नियातल्या कंपनीला माझं नाव ठाऊक असलं तरी माझ्या उसाची तोड कधी लागते यात तिला रस नाही. इथल्या माणसाला आहे. लांबचा मालक कधी कधी जवळच्या चेअरमनपेक्षा सुरक्षित असतो. हे वाक्य सहकाराच्या पट्ट्यात बसून लिहिताना बरं वाटत नाही, पण ते टाळून पुढं जाणं लबाडी होईल.

त्यात सांभाळायचा व्याप. लहान सर्व्हर भाड्यानं महिन्याला हजार-पाचशेत मिळतो. पैसा ही अडचण नाही. अडचण रात्री दोनला तो बंद पडला तर उठणार कोण ही आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणं सर्व्हरच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात, घुसखोरी कळली तर सहा तासांत कळवावी लागते. मे 2023 मध्ये केंद्र सरकारनं जम्मू-काश्मीरच्या सुरक्षेचं कारण देऊन चौदा ॲपवर बंदी घातली, त्यात मॅट्रिक्सचं सर्वांत प्रचलित ॲप एलिमेंटही होतं. मोकळं आहे म्हणून ते सरकारच्या नजरेबाहेर आहे असं कुणी समजू नये. उलट फ्रान्सच्या सरकारनं 2019 पासून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मॅट्रिक्सवरच बेतलेलं स्वतःचं ॲप वापरायला घेतलं. म्हणजे साधन तेच. पाठीशी कोण उभं आहे त्यावर बरंच ठरतं. मोझिलानं 2020 मध्ये आपलं जुनं आयआरसी बंद करून मॅट्रिक्सकडं मुक्काम हलवला, त्यामागं उपद्रवी लोकांना आवरणं अवघड झालं हेही एक कारण होतं. मोकळ्या दारातून चोरही येतात.

तर मग माझा कौल काय? पाण्याचा, विजेचा, तोडीचा, लग्नाचा, मयतीचा निरोप आज जिथं जातो तिथंच जाऊ दे. शेतकऱ्याला चप्पल घालायला लावू नका. वारणेनं हे एकदा शिकवलंय. कारखान्यांनी सभासदांसाठी स्वतःचं गप्पांचं जाळं काढू नये, निदान किल्ली मंडळाबाहेरच्या कुणाकडं ठेवायची हे वार्षिक सभेत ठरेपर्यंत तरी. नोंद मात्र गटातून बाहेर काढा. ठराव आणि पाळीपत्रक कागदावर किंवा संस्थेच्या ईमेलवर, गटात त्याचा फक्त निरोप.

आणि स्वतःची खोली बांधायची ती कॉलेजांनी बांधावी. बारामतीत 1972 पासून विद्या प्रतिष्ठान आहे, अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञान शिकवणारी कॉलेजं बारामतीत आणि इंदापुरातही आहेत. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या उसाच्या शेतातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं कौतुक मायक्रोसॉफ्टच्या सत्य नाडेलांनी जानेवारी 2025 मध्ये जगाला सांगितलं. ज्या गावात उसाच्या मुळाशी सेन्सर बसतो तिथल्या मुलांना एक गप्पांचा सर्व्हर चालवता येणार नाही, हे मला पटत नाही. त्यांना शिकायला तो हवाच. चुका झाल्या तर एका वर्गाच्या होतील, तालुक्याचं पाणी अडणार नाही. किल्ली शिक्षक आणि विद्यार्थी दोघांकडं. मुलींच्या नंबरचा प्रश्नही तिथंच सुटायला लागेल. आणि बारामतीचं कॉलेज इंदापूरच्या कॉलेजच्या सर्व्हरला जोडलं, की सहकाराचा जो धडा पुस्तकात रटाळ वाटतो तो एका दुपारी कळेल.

ज्याला एकट्यानं करून बघायचंय त्यानं आयआरसीपासून सुरुवात करावी, कारण तिथं लपवाछपवी नाही. काही उतरवायचीही गरज नाही. लिबेरा चॅटचं वेबवरचं पान उघडा, टोपणनाव द्या, चॅनलचं नाव लिहा, आत जा. खरं नाव, गाव, फोन देऊ नका. 2001 साली मी दिलं होतं तसं तर मुळीच नाही. आत गेल्यावर लगेच विचारू नका, आधी तासभर वाचा. चावडीवरही नवा माणूस आधी कोपऱ्यात बसतो. तुम्ही बाहेर पडलात की तुमच्या माघारी काय बोललं गेलं ते आयआरसी सांगत नाही, हा त्याचा दोष आणि त्याची मजाही. नाव कायम हवं असेल तर तिथल्या निकसर्व्ह नावाच्या सेवेकडं नोंदवा, नाहीतर उद्या तेच नाव दुसरा घेऊन बसेल. आवडलं तर संगणकावर एखादा प्रोग्राम उतरवा. विंडोजवर एमआयआरसी अजून आहे, आणि काळ्या पडद्याची हौस असलेल्यांना इर्सी किंवा वीचॅट (WeeChat).

आठवड्यानं मॅट्रिक्स. फोनवर फ्लफीचॅट, आणि पहिलं काम म्हणजे सुरक्षेची किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवणं. ती हरवली की फोन बदलल्यावर जुने निरोप उलगडत नाहीत, आणि तेव्हा तुमच्या मदतीला कुठलाही कॉल सेंटरवाला येणार नाही. ज्याचा फोन जुना आणि नेट अशक्त, त्यानं एक्सएमपीपीचं कॉन्व्हर्सेशन्स बघावं. ते हलकं आहे, आमच्या रानात दोन कांड्या रेंज असली तरी निरोप जातो. सर्व्हर लावायचाच झाला तर एक्सएमपीपीचा प्रॉसोडी लहानशा मशीनवर चालतो, मॅट्रिक्सच्या सिनॅप्सला मेमरी बरीच लागते.

आणि देवनागरीत लिहा. एसएमएसच्या काळात रोमन अक्षरांचे 160 बसायचे, देवनागरीचे 70, त्यामुळं मराठी माणूस पैसे वाचवायला रोमन लिहायला शिकला आणि पैसे वाचायचे थांबले तरी सवय सुटली नाही. आता ती अडचण कुठल्याच जाळ्यावर उरलेली नाही.

व्हॉट्सॲपचा गट चालवणाऱ्यांना एक दिलासा देऊन ठेवतो, कारण या धास्तीनं बरेच जण ॲडमिन व्हायला कचरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च 2021 मध्ये सांगितलंय की सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. त्याचा त्यात हात आहे हे दिसावं लागतं. तेव्हा घाबरू नका. पुढचं आवर्तन सुटायच्या आत आपापल्या गटात दुसरा ॲडमिन नेमा, शक्य तर घरातल्या सुनेला नेमा, आणि पाळीपत्रकाची एक प्रत कागदावर काढून सोसायटीच्या भिंतीवर चिकटवा.